वाचकांचे प्रश्न : सीटी स्कॅनमधील किरणांची मात्रा आणि शरीराचा घेर

मागील अंकात पोटाच्या सीटी स्कॅनविषयी एक टिपण या सदरात आले होते. त्यानंतर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : जाड माणसाला स्कॅनमध्ये जास्त किरण लागतात का, आणि लागत असतील तर ते त्याला जास्त बाधतात का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे नेहमी एका दिशेने जात नाहीत. पहिल्या पत्राला या वेळी अधिक जागा दिली आहे ती त्यामुळेच. पत्रांत आजारपणाचे तपशील असल्याने पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षभरात माझा आणि माझ्या यजमानांचा, दोघांचाही पोटाचा सीटी स्कॅन एकाच सेंटरमध्ये, एकाच मशीनवर झाला. माझे वजन ५१ किलो आहे आणि त्यांचे १०४. त्यांचे वय ५८ आहे. सीडीमध्ये शेवटी आकड्यांचे एक पान असते ते मी उघडून पाहिले. माझ्या पानावर सीटीडीआय-व्हॉल ७.२ मिलीग्रे आणि डीएलपी ३४० असे आहे, त्यांच्या पानावर १५.८ आणि ७९०. म्हणजे त्यांना माझ्या दुपटीहून अधिक किरण दिले गेले. सेंटरकडून काही चूक झाली असेल का? त्यांना पुढे याचा त्रास होईल का?
— एक शिक्षिका, दापोली

उत्तर : ते पान उघडून पाहिल्याबद्दल आधी आपले कौतुक करावेसे वाटते, कारण बहुतेक सीड्या कपाटात जातात आणि ते पान कोणी वाचत नाही. आपण दिलेल्या आकड्यांवरून सेंटरची चूक दिसत नाही. यजमानांच्या स्कॅनला अधिक किरण लागणे अपेक्षितच होते.

सीटी मशीनमध्ये क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते आणि समोरच्या बाजूचे शोधक, म्हणजे डिटेक्टर, शरीरातून पलीकडे पोचलेले किरण मोजतात. प्रतिमा तयार होते ती या पलीकडे पोचलेल्या किरणांतून. सीटीमध्ये वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचे किरण मऊ ऊतींच्या साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर जाडीतून गेले की निम्मे उरतात, पुढच्या तेवढ्याच जाडीत त्यांतले पुन्हा निम्मे. आपल्या वजनाच्या व्यक्तीचे पोट पुढून मागे २० सेंटिमीटर आणि डावीकडून उजवीकडे ३० सेंटिमीटर धरले आणि यजमानांचे ३१ आणि ४२ धरले, तर दोन्ही दिशांनी ११-१२ सेंटिमीटरचा फरक पडतो. एवढ्या फरकात किरण तीनदा निम्मे होतात. मशीनने दोघांनाही सारखेच किरण सोडले असते, तर यजमानांच्या बाबतीत शोधकांपर्यंत आपल्या तुलनेत जेमतेम आठवा हिस्सा पोचला असता.

किरण कमी पोचले की प्रतिमा दाणेदार होते. संध्याकाळी अंधुक उजेडात मोबाईलवर काढलेला फोटो जसा रवाळ येतो, तसाच प्रकार. हा दाणा निम्म्यावर आणायचा असेल तर किरण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. म्हणून आजच्या मशीनमध्ये रुग्णाच्या जाडीनुसार नळीतील विद्युतप्रवाह आपोआप कमी-जास्त करण्याची सोय असते. ही सोय रुग्णागणिक तर बदल करतेच, शिवाय एकाच रुग्णात छातीच्या हवेशीर भागावर प्रवाह उतरवते आणि खांदे किंवा कटिभाग आला की चढवते. यजमानांचा आकडा आपल्या दुपटीला गेला तो या सोयीमुळे.

तो आठपट का झाला नाही, हा प्रश्न चौकस वाचकाला पडेल. जाड व्यक्तीच्या प्रतिमेत थोडा अधिक दाणा चालवून घेतला जातो, आणि त्याला कारण आहे. पोटातील चरबी सीटीवर गडद दिसते आणि यकृत, मूत्रपिंड, आतडी यांच्यामध्ये ती पसरलेली असल्याने अवयवांच्या कडा स्वच्छ उठून दिसतात. अगदी कृश माणसाच्या पोटात आतड्यांची वेटोळी एकमेकांना चिकटून असतात आणि कुठे काय संपते ते ठरवणे पुष्कळदा अधिक अवघड जाते. स्थूल शरीर हे रेडिओलॉजिस्टच्या दृष्टीने सर्वस्वी गैरसोयीचे असते, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

आता त्या पानावरच्या आकड्यांकडे वळू, कारण खरा गैरसमज तिथे होतो. सीटीडीआय-व्हॉल हा आपल्या किंवा यजमानांच्या शरीरात मोजलेला आकडा नाही. तो अ‍ॅक्रिलिकच्या एका भरीव नळकांड्यात मोजलेल्या मात्रेवर आधारलेला असतो. धडाच्या तपासणीसाठी हे नळकांडे ३२ सेंटिमीटर व्यासाचे धरतात आणि डोक्यासाठी १६ सेंटिमीटरचे. पानावरच्या ७.२ मिलीग्रेचा अर्थ एवढाच, की ज्या मापाने मशीन चालवले गेले त्याच मापाने ते त्या ३२ सेंटिमीटरच्या नळकांड्यावर चालवले असते, तर नळकांड्यात सरासरी ७.२ मिलीग्रे मात्रा शोषली गेली असती; मिलीग्रे हे शोषलेल्या मात्रेचे एकक आहे. मशीनने किती किरण सोडले ते हा आकडा सांगतो. टेबलावर कोण झोपले होते ते त्याला ठाऊक नसते. स्कॅन केलेल्या लांबीने याच आकड्याला गुणले की डीएलपी येतो. आपल्या बाबतीत ती लांबी सुमारे ४७ सेंटिमीटर भरते, यजमानांच्या बाबतीत ५०.

आपण त्या नळकांड्यापेक्षा पुष्कळ बारीक आहात आणि यजमान त्याहून थोडे जाड आहेत. बारीक शरीरात तेवढेच किरण सोडले तर ऊतींना मिळणारी मात्रा नळकांड्यापेक्षा जास्त असते, जाड शरीरात ती कमी असते. हा फरक भरून काढण्यासाठी अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एएपीएमने, २०११ साली २०४ क्रमांकाचा अहवाल काढला आणि शरीराच्या मापाप्रमाणे सीटीडीआयला कशाने गुणायचे याची कोष्टके दिली. पुढून-मागे आणि आडवे अशा दोन मापांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढायचे. तो झाला शरीराचा परिणामी व्यास. आपल्या बाबतीत तो सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर येतो आणि त्याचा गुणक सुमारे १.५ आहे. यजमानांचा व्यास सुमारे ३६ येतो आणि गुणक ०.९८. आता गुणाकार करून पाहा : आपली मात्रा ७.२ वरून जवळजवळ ११ मिलीग्रेपर्यंत चढते, यजमानांची १५.८ वरून किंचित उतरून साडेपंधरावर येते. पानावर जो फरक दुपटीहून अधिक दिसत होता, तो प्रत्यक्षात दीडपटीच्या आत आला. ही मापे मी वजनावरून अदमासाने धरली आहेत. आपल्या प्रतिमांवर ती नेमकी मोजता येतील, आणि काही नव्या मशीनच्या पानावर हा सुधारित आकडा एसएसडीई या नावाने छापूनही येतो.

असे होण्याचे कारण शरीराच्या आत आहे. नळी चारी बाजूंनी फिरत असल्याने बारीक शरीराच्या मध्यापर्यंत प्रत्येक बाजूचे किरण पोचतात. १६ सेंटिमीटरच्या नळकांड्यात मधली आणि कडेची मात्रा जवळपास सारखीच भरते, तर ३२ सेंटिमीटरच्या नळकांड्यात मधली मात्रा कडेच्या मात्रेच्या निम्म्याच्या आसपास असते. यजमानांच्या शरीरावर सोडलेल्या किरणांतील मोठा वाटा त्वचा आणि तिच्याखालची चरबी यांनीच शोषला, आणि आतले अवयव त्या मानाने आडोशाला राहिले. तरीही त्यांची मात्रा आपल्यापेक्षा जास्त आहे हे खरेच आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. फक्त ती पानावर दिसते तेवढी जास्त नाही.

केवळ घेर मोजूनही काम पूर्ण होत नाही, हे जाता जाता नोंदवतो. छाती आणि पोट यांचा घेर सारखा असला तरी छातीत फुफ्फुसांची हवा असते आणि हवा किरण अडवत नाही. म्हणून एएपीएमच्या २०१४ च्या २२० क्रमांकाच्या अहवालाने शरीराचा तो भाग पाण्याच्या किती व्यासाच्या नळकांड्याइतके किरण अडवतो, हे माप धरायला सुचवले. पोटाच्या बाबतीत दोन्ही मापांत फारसे अंतर पडत नाही.

शेवटचा भाग धोक्याचा. प्रौढांच्या पोटाच्या स्कॅनसाठी डीएलपीला ०.०१५ ने गुणून मिलीसिव्हर्टमध्ये, म्हणजे शरीराला संभवणाऱ्या एकूण अपायाचा अंदाज देणाऱ्या एककात, आकडा काढण्याची रीत आहे. तसे केल्यास आपले सुमारे ५ आणि यजमानांचे सुमारे १२ मिलीसिव्हर्ट येतात. पण हा गुणक एका प्रमाण बांध्याच्या शरीरासाठी काढलेला आहे; आपल्यासारख्या बारीक व्यक्तीला तो कमी दाखवतो आणि यजमानांना जास्त. जगात माणसाला निसर्गातून, म्हणजे माती, हवा, अन्न आणि अवकाश यांतून, वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात. किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा ढोबळ अंदाज धरला तर १० मिलीसिव्हर्टमागे आयुष्यात कर्करोग उद्भवण्याची शक्यता साधारण दोन हजारांत एक एवढी वाढते; मुळात भारतात सुमारे नऊ जणांत एकाला आयुष्यात केव्हा तरी कर्करोग होतो असा अंदाज आहे. दोन हजारांत एक हा अंदाजही सर्व वयांच्या सरासरीचा आहे आणि ५८ व्या वर्षी तो आणखी खाली येतो. यजमानांच्या आजाराचे कारण शोधण्यासाठी डॉक्टरांनी स्कॅन आवश्यक मानला असेल, तर या आकड्यांसाठी मनात शंका बाळगू नये.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला आणि हँडल पोटात घुसले. रात्री उलट्या होऊ लागल्या म्हणून मालवणहून त्याला मोठ्या रुग्णालयात नेले आणि तिथे पोटाचा सीटी स्कॅन केला. पानावर सीटीडीआय ३ मिलीग्रे लिहिले आहे. माझ्या दिरांचे म्हणणे असे, की मोठ्या माणसांचे दहा-पंधरा असतात, तेव्हा ३ म्हणजे काहीच नाही. हे खरे मानावे का?
— एक आई, मालवण

उत्तर : स्कॅन करण्याचा निर्णय योग्य होता हे आधी सांगतो. हँडलच्या माराने स्वादुपिंड, यकृत किंवा आतडे फाटू शकते, बाहेरून साधा वळही दिसत नाही, आणि अशा वेळी वाट पाहणे महागात पडते.

आपल्या दिरांचा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. वरच्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे हा आकडा नळकांड्याचा आहे, मुलाचा नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या पोटाचा परिणामी व्यास १८ सेंटिमीटरच्या आसपास असतो. पानावरचे ३ मिलीग्रे ३२ सेंटिमीटरच्या नळकांड्यावर आधारलेले असतील, तर १.९ ने गुणावे लागेल आणि मुलाची मात्रा पावणेसहाच्या जवळ जाईल. हेच ३ मिलीग्रे १६ सेंटिमीटरच्या नळकांड्यावरचे असतील, तर गुणक ०.९३ होतो आणि मात्रा तीनच्या किंचित खाली राहते. एकाच आकड्याचे हे दोन अर्थ, आणि त्यांच्यात दुपटीचे अंतर! मुलांच्या स्कॅनसाठी पूर्वी काही कंपन्यांची मशीन एक नळकांडे धरत आणि काहींची दुसरे, त्यामुळे दोन रुग्णालयांच्या आकड्यांची तुलना करणाऱ्या डॉक्टरांचीही फसगत होई. पानावर आकड्याशेजारी १६ किंवा ३२ सेंटिमीटर असा उल्लेख असतो, तो पाहावा. दोन्हींपैकी काहीही असले तरी आपल्या मुलाची मात्रा आटोक्यातली आहे आणि त्याच्यासाठी मशीन वेगळे लावले गेले होते, असे त्यावरून दिसते.

मुलांसाठी मशीन वेगळे लावणे ही पूर्वी सर्वत्र पाळली जाणारी गोष्ट नव्हती. अनेक ठिकाणी लहान मुलांचे स्कॅन मोठ्यांच्या मापानेच काढले जात आहेत, हे २००१ साली अमेरिकेतील शोधनिबंधांनी ठळकपणे मांडले, आणि २००८ साली तिथे ‘इमेज जेंटली’ ही मोहीम सुरू झाली. मोठ्यांच्या मापाने काढलेला मुलाचा स्कॅन दिसायला अतिशय सुंदर येतो, आणि धोका तिथेच आहे. प्रतिमा चांगली आल्यामुळे कोणाची तक्रार येत नाही. मुलांच्या बाबतीत काळजी अधिक घ्यावी लागते ती शरीर लहान असल्यामुळे आणि शिवाय वाढत्या ऊती किरणांना अधिक संवेदनशील असल्यामुळे; पुढचे दीर्घ आयुष्यही हिशेबात धरावे लागते. ब्रिटनमधील सुमारे १ लाख ८० हजार मुलांच्या व तरुणांच्या नोंदींवर आधारलेला जो अभ्यास २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात सीटीची एकूण मात्रा ५०-६० मिलीग्रेपर्यंत गेलेल्या मुलांत रक्ताचा आणि मेंदूचा कर्करोग सुमारे तिपटीने अधिक आढळला. हे आजार मुळात इतके विरळ आहेत, की दहा वर्षांखालील मुलांच्या डोक्याच्या दहा हजार स्कॅनमागे पुढच्या दहा वर्षांत प्रत्येकी एखादा जादा रुग्ण, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी दिला होता. आपल्या मुलाचे एका स्कॅनचे पाच-सहा मिलीग्रे त्या पातळीपासून बरेच दूर आहेत. पुन्हा कधी स्कॅनची वेळ आली, तर मुलांसाठीचा प्रोटोकॉल, म्हणजे मशीन लावण्याची ठरलेली मापे, लावला आहे ना, एवढे विचारायला संकोच करू नये.

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या एका डायग्नॉस्टिक सेंटरमध्ये सीटी टेक्निशियन आहे. आमच्या मशीनला ऑटो एक्स्पोजर, म्हणजे रुग्णाच्या जाडीनुसार प्रवाह आपोआप बदलण्याची सोय, आहे. तरीही जवळपास सारख्याच बांध्याच्या दोन रुग्णांचे आकडे कधी कधी खूप वेगळे येतात. मशीन दुरुस्तीला आलेले इंजिनिअर सगळे ठीक आहे म्हणतात. कारण काय असावे?
— एक टेक्निशियन, चिपळूण

उत्तर : स्कॅनच्या आधी आपण जी स्काऊट प्रतिमा, म्हणजे आखणीसाठीची साध्या एक्स-रेसारखी प्रतिमा, घेता तिच्यावरून मशीन रुग्णाचे आकारमान ठरवते, आणि रुग्ण कुठे झोपला आहे त्यावर त्या प्रतिमेतला आकार अवलंबून असतो. स्काऊट घेताना नळी वर असेल आणि टेबल मध्यापेक्षा उंच राहिले असेल, तर रुग्ण नळीच्या जवळ येतो, प्रतिमेत फुगून दिसतो आणि मशीन त्याला जाड समजून प्रवाह वाढवते. टेबल खाली राहिले तर उलटे घडते. प्रवाह कमी पडतो आणि प्रतिमा दाणेदार येते. नळी खाली ठेवून स्काऊट घेत असाल तर हे सगळे बरोबर विरुद्ध होईल. दिवसभरातले पंधरावे किंवा विसावे टेबल लावताना दोन-तीन सेंटिमीटरकडे लक्ष जात नाही, हे मी जाणतो. परंतु आकड्यांतल्या तफावतीचे पहिले संशयित तेच आहेत.

लेसरची आडवी रेषा रुग्णाच्या बाजूने पाहावी. ती गादी आणि पोटाचा वरचा पृष्ठभाग यांच्या बरोबर मध्ये यायला हवी. कृश वृद्ध आणि लहान मुले गादीत खोल असतात, म्हणून टेबल नेहमीच्या उंचीवर ठेवले की ती मध्यापेक्षा खाली राहतात. पोट सुटलेल्या माणसाच्या बाबतीत तेच टेबल वर राहिल्यासारखे होते. मध्य चुकल्याने आणखी एक नुकसान होते. नळीपुढचा बो-टाय फिल्टर मध्यभागी पातळ आणि कडांना जाड असतो, कारण शरीराच्या कडा मध्याहून पातळ असतात. रुग्ण वर-खाली झाला की शरीराचा जाड भाग फिल्टरच्या जाड कडेसमोर येतो आणि पातळ भाग पातळ मध्यासमोर. प्रतिमा बिघडते आणि त्वचेलगतची मात्रा वाढते, दोन्ही एकदम.

हातांकडेही पाहा. छाती-पोटाच्या स्कॅनमध्ये हात डोक्यावर घेतले नाहीत, तर दोन्ही बाहूंची हाडे किरणांच्या वाटेत येतात आणि मशीनच्या लेखी शरीर रुंदावते. खांदा धरलेल्या वृद्धांना हात वर नेता येत नाहीत, तिथे इलाज नसतो. ज्यांना नेता येतात त्यांना थोडा वेळ देऊन न्यायला लावावेत, बांगड्या आणि घड्याळ आधी काढून ठेवावे. एवढे करूनही तफावत राहिली तर दोन रुग्णांचे प्रोटोकॉल आणि किलोव्होल्ट, म्हणजे नळीचा विद्युतदाब, सारखे होते का ते तपासावे. बारीक रुग्णाला १२० ऐवजी १०० किंवा ८० किलोव्होल्ट लावल्यास मात्रा उतरते, आणि आयोडीनचे इंजेक्शन दिलेले असेल तर ते कमी किलोव्होल्टला उलट अधिक ठळक दिसते. हीच युक्ती १०० किलोच्या रुग्णावर केली तर पुरेसे किरण पलीकडे पोचत नाहीत.

प्रश्न : माझी उंची ५ फूट ५ इंच, वजन ९६ किलो. हर्णै बंदरावर मासळीचा व्यवसाय आहे. मुतखड्याच्या संशयावरून सोनोग्राफी झाली, तिच्यात नीट दिसले नाही म्हणून सीटी सांगितला आहे. माझ्या बारीक मेहुण्याचा मुतखडा ‘लो डोस’ सीटीवर दिसला होता, मला मात्र साधा सीटी करावा लागेल म्हणतात. हा भेदभाव का?
— एक मासळी व्यावसायिक, हर्णै

उत्तर : भेदभाव नव्हे, पदार्थविज्ञान आहे. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरीही चरबीच्या थरातून जाताना क्षीण होतात, त्यामुळे जाड व्यक्तीचे मूत्रपिंड आणि विशेषतः मूत्रवाहिनीचा मधला भाग नीट दिसत नाही. किरण न वापरणारी तपासणी जिथे अपुरी पडते तिथेच सीटीची पाळी येते, आणि जाड रुग्णांवर ती अधिक वेळा येते. त्यांच्या वाट्याला किरण जास्त येण्याचे हेही एक कारण आहे, ज्याची चर्चा कमी होते.

मुतखडा पांढराशुभ्र दिसत असल्याने बराच दाणा असूनही ओळखता येतो, म्हणून त्यासाठी ३ मिलीसिव्हर्टहून कमी मात्रेचा स्कॅन पुरतो. पण ही सवलत साधारणपणे ३० पर्यंतच्या बीएमआयला, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याला, लागू धरतात, आणि आपला ३५ च्या घरात आहे. त्यापुढे लहान खडे दाण्यात हरवू लागतात. खडा न दिसल्यामुळे स्कॅन पुन्हा करावा लागला तर वाचवलेले किरण व्याजासह परत जातात. इंजेक्शनशिवाय एकाच फेरीचा स्कॅन होईल ना, एवढी खात्री करून घ्यावी. मुतखड्यासाठी तेवढा पुरतो.

आपण जागेची चिंता पत्राच्या शेवटी व्यक्त केली आहे. बहुतेक मशीनच्या वर्तुळाची रुंदी ७० सेंटिमीटर असते आणि टेबले २०० किलोच्या आसपास वजन पेलतात, तेव्हा ९६ किलोला अडचण येणार नाही. त्याहून पुष्कळ मोठ्या घेराच्या रुग्णांची अडचण निराळी असते : ५० सेंटिमीटरच्या मोजणीक्षेत्राबाहेर शरीर गेले की प्रतिमेच्या कडा बिघडतात.

प्रश्न : आईच्या छातीचा सीटी काढताना मी पोटावर शिशाचा एप्रन घालण्याचा आग्रह धरला. टेक्निशियनने नकार दिला. पूर्वी तर एक्स-रेला घालत असत.
— एक वाचक, मुरुड

उत्तर : टेक्निशियनचे बरोबर होते. शिसे स्कॅनच्या टप्प्यात आले किंवा स्काऊटमध्ये दिसले, तर ऑटो एक्स्पोजर त्याला शरीराचा जाड भाग समजते आणि किरण वाढवते. टप्प्याबाहेरच्या पोटाला जी थोडी मात्रा मिळते ती मुख्यतः शरीराच्या आतूनच विखुरलेल्या किरणांची असते, तिला वरचे शिसे अडवत नाही. एएपीएमने २०१९ साली रुग्णांना असे आच्छादन घालण्याची सरसकट पद्धत बंद करावी अशी भूमिका घेतली. एप्रन टेक्निशियनने आणि रुग्णाजवळ थांबणाऱ्या नातेवाइकाने घालायचा असतो.

प्रश्न : स्कॅनला अजून दोन महिने आहेत. तोवर वजन उतरवले तर किरण कमी लागतील का? आणि स्कॅननंतर शरीरातले किरण उतरावेत म्हणून आमच्याकडे सोलकढी प्यायला सांगतात, ते कितपत खरे?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पोटाचा घेर उतरला तर किरण कमी लागतील, हे तत्त्वतः खरे आहे. दोन महिन्यांनंतरची तारीख डॉक्टरांनीच दिली असेल तर वजन जरूर उतरवावे. पण वजनासाठी तारीख पुढे ढकलू नये, कारण आजार तेवढा थांबत नाही. सोलकढी जेवणानंतर अवश्य प्यावी, किरणांशी मात्र तिचा संबंध नाही. क्ष-किरण शरीरात साठत नाहीत. नळी बंद झाली की ते संपलेले असतात. इंजेक्शनमधले आयोडीन लघवीवाटे जाते, आणि डॉक्टरांनी पाणी कमी पिण्यास सांगितलेले नसेल तर त्यासाठी साधे पाणी भरपूर प्यावे.

प्रश्न : माझे वडील राजापूरला असतात, मी मुंबईत नोकरीला आहे. यकृताच्या गाठीसाठी त्यांचे या वर्षात गावाकडे, कोल्हापुरात आणि मुंबईत मिळून चार स्कॅन झाले. ते अगदी बारीक आहेत, ४६ किलो. एका माणसाला वर्षात किती किरण चालतात याची सरकारी मर्यादा असेलच. ती ओलांडली गेली का?
— एक चाकरमानी, मुंबई

उत्तर : रुग्णांसाठी अशी मर्यादा नाही, आणि ती मुद्दामच ठेवलेली नाही. अणुऊर्जा नियामक परिषदेने किरणांशी काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट आणि सामान्य जनतेसाठी वर्षाला १ मिलीसिव्हर्ट अशी मर्यादा घालून दिली आहे. त्यांना किरणांपासून स्वतःचा वैद्यकीय लाभ नसतो. रुग्णाला असतो, आणि मर्यादा संपली म्हणून गाठीची तपासणी नाकारणे हे कोणाच्याच हिताचे ठरणार नाही. प्रमाण बांध्याच्या रुग्णासाठी संदर्भपातळ्या ठरवलेल्या असतात, पण त्या सेंटरने आपले काम तपासण्यासाठी असतात, एकेका रुग्णाला लावण्यासाठी नसतात.

वडिलांच्या कृश बांध्यामुळे पानावरचे आकडे लहान दिसतील, आणि वरील कारणांमुळे त्यांना दीडपट किंवा थोडे अधिक धरून वाचावे लागेल. परंतु त्यांच्या बाबतीत घेरापेक्षा फेऱ्या महत्त्वाच्या आहेत. यकृताच्या गाठीसाठी इंजेक्शनच्या आधी, रक्तवाहिन्या भरताना, यकृत भरल्यावर आणि थोड्या उशिराने अशा तीन-चार फेऱ्या एकाच बैठकीत घेतल्या जातात, आणि प्रत्येक फेरीचा डीएलपी वेगळा मिळवला जातो. चार फेऱ्यांचा बारीक माणूस एका फेरीच्या जाड माणसाला सहज मागे टाकतो. चौथा स्कॅन उपचारानंतर गाठ किती आटली हे पाहण्यासाठी झाला असेल तर तो आवश्यकच होता. मात्र आधीच्या स्कॅनची फक्त फिल्म नेली आणि डॉक्टरांना सगळ्या प्रतिमा पाहता आल्या नाहीत म्हणून तो पुन्हा करावा लागला असेल, तर ते टाळता येण्यासारखे होते. फिल्मवर निवडक प्रतिमा असतात, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर सर्व. सेंटरमधून निघण्यापूर्वी डायकॉम स्वरूपातल्या पूर्ण प्रतिमा आणि त्यांतले आकड्यांचे पान मागून घ्यावे, आणि या सगळ्याची एक प्रत आपल्याजवळ मुंबईत ठेवावी. पुढच्या वेळी यकृतासाठी एमआरआय चालेल का, हेही डॉक्टरांना विचारून पाहावे. त्यात क्ष-किरण नसतात आणि यकृताच्या गाठींच्या बाबतीत पुष्कळदा तो सीटीइतकी, कधी अधिकही माहिती देतो.